मदत हवी आहे: ड्युटीवर जातानाचा अपघात भरपाईत बसतो का?

मंडळी, कर्मचारी भरपाईची केस कोणी जवळून पाहिली असेल तर सांगा. मावसभाऊ 2024 मध्ये रात्रपाळीला जाताना मोटारसायकलवरून पडला, पायात रॉड आहे. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याखाली भरपाई आयुक्तांकडे अर्ज मुदतीत केलाय. विमा कंपनीचं म्हणणं एवढंच, की गेटच्या आत पाऊलच पडलं नव्हतं, मग कामावर कसला?

जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने साखर कारखान्याच्या वॉचमनच्या प्रकरणात हाच मुद्दा तपासला. पहाटे 3 च्या ड्युटीला निघालेला, वाटेतच गेला बिचारा. आयुक्तांनी दिलेली भरपाई हायकोर्टाने रद्द केली, सुप्रीम कोर्टाने परत दिली. पण सरसकट नाही. अपघाताची वेळ, ठिकाण, परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसायला हवा.

हा संबंध नेमका कशाने सिद्ध होतो? भावाच्या पंचनाम्यात वेळ 'रात्री 9.40 च्या सुमारास' आहे, पाळी 10 ची. खिशात पेट्रोलची पावती सापडली. ती दाखवावी, की 'वाट सोडून गेला' म्हणतील? हजेरीपत्रक मालकाकडेच आहे, ते मागवायला वेगळा अर्ज लागतो का? आमचे वकीलसाहेब नुसतं 'बघू' म्हणतात.