सोसायटीच्या हॉलमध्ये एकच वर्ग परवडतो: योगासनं, ताई ची की पिलाटीज?

मुठाकाठ
एरंडवण्यातली आमची सोसायटी. सकाळी सात ते आठ हॉल मोकळा असतो आणि महिला मंडळाच्या वर्गणीतून एकाच शिक्षकाचं मानधन निघतं. येणाऱ्या बायका पंचावन्न ते पंचाहत्तरच्या. दोघीतिघींच्या गुडघ्यांची झीज झालेली, काहींना बीपी, एकीच्या रिपोर्टात हाडं ठिसूळ झाल्याचं आलंय. आणि धास्ती सगळ्यांना एकच, पडण्याची. मंडळाचं बहुमत योगासनांकडे आहे. माझं मत ताई चीला, म्हणजे सावकाश हालचालींच्या चिनी व्यायामप्रकाराला आहे. का, ते सविस्तर लिहिते.

माणूस पडतो कधी? एका जागी स्वस्थ उभं असताना सहसा नाही. बाथरूमच्या उंबऱ्यावरून पाय टाकताना पडतो, फळीवरचा डबा काढून मागे वळताना पडतो, रिक्षातून एक पाय खाली आणि दुसरा अजून आत असताना पडतो. म्हणजे वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जात असतं तेव्हा. ताई चीत शिकवतात ते नेमकं हेच. गुडघे किंचित वाकलेले, कंबर सैल. पाऊल पुढे टाकताना आधी फक्त टाच टेकवायची, वजन अजिबात द्यायचं नाही. मग सावकाश वजन पुढे न्यायचं, तळवा पूर्ण टेकला, पाय खंबीर झाला, की मगच मागची टाच उचलायची. मधे कुठेही कुणी 'थांबा' म्हटलं तर थांबता आलं पाहिजे. त्यात 'ढगांसारखे हात' म्हणून एक हालचाल आहे. पाय बाजूला सरकतात, कंबर वळते आणि नजर हाताबरोबर फिरते. मान वळवली की ज्यांचा तोल जातो त्यांना याहून नेमका सराव मला तरी माहीत नाही.

आणि हे नुसतं ऐकीव नाही. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनचा अभ्यास आला होता. पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे १९५ रुग्ण, २४ आठवडे, आठवड्यातून दोन वेळा. तोलाच्या मुख्य मोजमापांत ताई ची करणारे हे स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा आणि वजनं घेऊन व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही सरस ठरले. पडण्याचं प्रमाणही स्ट्रेचिंगच्या गटापेक्षा कमी होतं. गुडघ्याच्या झिजेवर २०१६ साली दुसरा अभ्यास झाला, त्यात १२ आठवड्यांच्या ताई चीने नेहमीच्या फिजिओथेरपीइतकाच आराम पडला.

वृक्षासन चांगलंच आहे. पण त्यात आपण स्थिर उभं राहायला शिकतो, आणि पडतो चालताना. योगाला मी कमी लेखत नाही. फक्त पुण्यात 'योग' म्हटलं की पुढचं बोलणंच थांबतं, ते थांबू नये एवढ्यासाठी हा धागा.

सदाशिवपेठी
ताई, तुमची कळकळ समजते, पण तुम्ही योगासनांचं जे चित्र मांडलंय ते चटईवर चाळीस जणींना एकदम बसवणाऱ्या वर्गाचं आहे. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजी १९३७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, डेक्कन जिमखान्याच्या बोलावण्यावरून पुण्यात शिकवायला आले आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत इथेच राहिले. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय सगळं भोगलेला माणूस. दुखऱ्या, म्हाताऱ्या, आडव्या पडलेल्या शरीरांना आसन कसं देता येईल या विचारातून त्यांची साधनं आली: दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, खुर्च्या. मॉडेल कॉलनीतली त्यांची योगसंस्था १९७५ पासून उभी आहे. हे सगळं आपल्या दारात असताना आपण दुसरीकडे का बघायचं, हा माझा साधा प्रश्न आहे, आणि तो अभिमानाचा नाही, उपलब्धतेचा आहे. चांगला शिक्षक पायी चालत जाण्याच्या अंतरावर मिळतो.

त्रिकोणासन नीट करून घेतलेलं कधी पाहिलंय का? मागच्या पायाची बाहेरची कड जमिनीत दाबायची, पुढच्या मांडीचा स्नायू गुडघ्याच्या वाटीसकट वर ओढून घ्यायचा, पाठ भिंतीला, हात ठोकळ्यावर. आणि तसंच राहायचं, श्वास न अडकवता. पायाच्या अंगठ्याखाली वजन किती, टाचेवर किती, हे ज्या बाईला कळायला लागतं तिची चालसुद्धा बदलते. त्याला नुसतं 'स्थिर उभं राहणं' म्हणून बाजूला सारू नका.

अजून एक मुद्दा तुमच्या लिखाणात मला दिसलाच नाही. पडल्यानंतर उठायचं कसं? आसनांच्या वर्गात माणूस दर वेळी जमिनीवर बसतो, कुशीवर वळतो, हाताचा आधार घेऊन उठतो. ताई ची सगळं उभ्याने. डायनिंग टेबलावर जेवणाऱ्या आणि कमोड वापरणाऱ्या आपल्या पिढीचं जमिनीशी नातं तुटत चाललंय. ज्या बाईला आपलं आपण जमिनीवरून उठता येत नाही, ती घरात एकटी असताना पडली तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

टेकडीवाला
एवढा खल कशाला? रोज वेताळ टेकडी किंवा हनुमान टेकडी चढा-उतरा, घरी आल्यावर सूर्यनमस्कार घाला. मानधन वाचेल, हवाही मिळेल. आमचा ग्रुप वर्षानुवर्षं हेच करतो आणि सगळे ठणठणीत आहेत.

फिजिओ_सहकारनगर
@टेकडीवाला काका, जे ठणठणीत आहेत तेच टेकडीवर दिसतात. ज्यांचे गुडघे उतारावर साथ देत नाहीत ते ग्रुपमधून केव्हाच गळलेले असतात. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला उत्तम. पण त्यामुळे पडणं कमी होतं का, तर तसा भरवशाचा पुरावा नाही.

मी रोज असेच रुग्ण तपासते, म्हणून थोडं लांब लिहिते. २०१९ साली कॉक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा मोठा आढावा आला: १०८ चाचण्या, तेवीस हजारांहून जास्त ज्येष्ठ. तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी झालं. ताई चीत सुमारे १९ टक्क्यांनी, आणि तिथला पुरावा तुलनेने कच्चा. सगळ्यात जास्त, सुमारे ३४ टक्के, घट दिसली ती तोलाच्या व्यायामाला स्नायूंच्या ताकदीची जोड होती तिथे. म्हणजे @मुठाकाठ, तुमची दिशा बरोबर, पण निम्मी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हीवर भर द्यायला सांगितलंय. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, जिन्याच्या पायरीवर चढ-उतार, पिशवीत वजन घेऊन उचलणं. हे ना ताई चीत पुरेसं होतं, ना बहुतेक योगवर्गांत.

आता सुरक्षिततेबद्दल, कारण शिक्षक निवडताना हे कुणी विचारत नाही. ज्यांची हाडं ठिसूळ आहेत त्यांनी पश्चिमोत्तानासनासारखं पाठीची कमान करून पुढे वाकणं टाळावं. मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येतो आणि तिथेच तो चेपतो. पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकणं वेगळं, पण ते अंतर वर्गात किती जणींना कळतं? काचबिंदू असेल तर शीर्षासन नको, डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो. बीपी ताब्यात नसेल तर जोरजोरात कपालभाती नको. ताई चीसुद्धा निर्धोक नाही. पावलाची दिशा एकीकडे आणि गुडघा आत वळलेला, अशा स्थितीत कंबर फिरवली तर झिजलेला गुडघा आठवड्याभरात ओरडायला लागतो. गुडघा पावलाच्या बोटांच्याच दिशेने राहिला पाहिजे आणि बोटांच्या पुढे जाता कामा नये.

मुठाकाठ
@फिजिओ_सहकारनगर मनापासून आभार. ताकदीचा मुद्दा पटला, पण त्याने माझी निवड बदलत नाही. खुर्चीतून दहा वेळा उठ-बस करायला शिक्षक लागत नाही, घरी भाजी शिजेपर्यंत होते. वजन एका पायावरून दुसऱ्यावर कसं न्यायचं हे मात्र बघणारा डोळा असल्याशिवाय शिकता येत नाही. मानधन त्या डोळ्यासाठी आहे.

@सदाशिवपेठी जमिनीवरून उठण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते अगदी खरं आहे. पण आमच्या हॉलमध्ये भिंतीला दोर नाहीत, लोड नाहीत, ठोकळे नाहीत. तुम्ही वर्णन केलेला वर्ग संस्थेत होतो. आमच्याकडे येईल तो महिन्याच्या कोर्समधून प्रमाणपत्र घेतलेला शिक्षक, आणि पहिल्याच आठवड्यात ठिसूळ हाडांच्या काकूंना पायाचे अंगठे धरायला लावेल. साधनं आणि तयारीचा शिक्षक नसेल तर त्या पद्धतीचं नाव घेऊन काय उपयोग?

चाफा
पिलाटीजचं नाव शीर्षकात आहे पण बोलत कुणीच नाही! जोसेफ पिलाटीस या जर्मन माणसाने ही पद्धत पहिल्या महायुद्धाच्या काळात नजरकैदेत असताना घडवली. माझी कंबर तिनेच सावरली. पोटाचे आतले स्नायू, ओटीपोट, पाठीचा कणा यावर इतकं बारकाईने काम दुसरीकडे मी पाहिलं नाही. बाळंतपणानंतर किंवा दिवसभर लॅपटॉपसमोर बसून कंबर धरलेल्यांनी जरूर करावं. स्प्रिंगांचं यंत्र लागतंच असं नाही, चटईवरही होतं.

पण सत्तरीच्या बायकांच्या गटासाठी मी ते सुचवणार नाही. चटईवरचे बरेचसे व्यायाम उताणं झोपून मान आणि खांदे उचलण्याचे आहेत. ठिसूळ हाडांबद्दल वर जे आलंय तेच इथेही लागू.

देवबाभूळ
सगळे गुडघे आणि मणके मोजताय. मनाचं काय?

मी घरातल्या आजारी माणसाची सेवा करते. दिवसभर कान दुसऱ्या खोलीकडे लागलेले असतात. मला रात्री झोप आणली ती ना तोलाच्या व्यायामाने ना ताकदीच्या. लोडावर पाठ टेकून, पाय भिंतीला वर करून केलेली विपरीत करणी आणि त्यानंतरचं शवासन, जिथे कुणीतरी डोळ्यांवर मऊ पट्टी ठेवून 'आता काही करायचं नाही' असं म्हणतं. साठीपुढच्या बायकांना ही परवानगी घरात कुणी देत नाही. ताई चीत मन गुंतून शांत होत असेल, नाही म्हणत नाही, पण तिथेही सतत काहीतरी करायचंच असतं: पुढची हालचाल कोणती, डावा पाय की उजवा. थकलेल्या बाईला आधी विसावा हवा असतो.

मंडळाने वर्ग ठरवताना प्रत्येकीला हे विचारलंय का, की तू सकाळी कशी उठतेस, दुखऱ्या गुडघ्याने की न झालेल्या झोपेने?

सदाशिवपेठी
@देवबाभूळ, माझ्या मनातलं लिहिलंत. प्राणायाम हा शब्द एवढ्या चर्चेत एकदाही योग्य जागी आला नव्हता. इथून जवळच लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायामाचे शरीरावरचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. शंभर वर्षांची ही परंपरा आहे.

@मुठाकाठ, साधनं नाहीत हे कारण मी मानणार नाही. प्लास्टिकच्या नकोत, लोखंडी घडीच्या खुर्च्या तुमच्या हॉलमध्ये हळदीकुंकवासाठी असतीलच. जुन्या चादरींच्या घड्या म्हणजे लोड, ओढणीचा पट्टा, आणि भिंत तर आहेच. एका चांगल्या शिक्षकाला एवढं पुरतं. आणि महिन्याच्या प्रमाणपत्राचा धोका ताई चीलाही आहेच, उलट जास्त. योगाचा कच्चा शिक्षक ओळखणारे पुण्यात घरोघरी आहेत. ताई चीचा कच्चा शिक्षक तुमच्यापैकी कोण ओळखेल?

मुठाकाठ
हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून याचंच उत्तर देते. मी तरी तीन गोष्टी बघेन. पहिल्या दिवशी तो हातांच्या नजाकतीवर वेळ घालवतो की फक्त पावलं आणि वजन शिकवतो. फार खाली बसायला लावतो की उंच उभ्या स्थितीतून सुरू करतो. ताई चीच्या 'सुन' नावाच्या शैलीत पवित्रा उंचच असतो आणि दुखऱ्या गुडघ्यांना तो झेपतो. आणि २४ हालचालींचा संच, जो १९५६ साली चीनमध्ये सर्वसामान्यांसाठीच सोपा करून बसवला, तो घाईने संपवतो की एकेका हालचालीवर आठवडा घालवायची त्याची तयारी आहे.

@देवबाभूळ, नाही विचारलं. या रविवारी मंडळाची बैठक आहे, तिथे विचारणार. शेवटची दहा मिनिटं आडवं पडून विसावा, ही अट शिक्षक कुठल्याही पद्धतीचा असला तरी मी घालणार आहे. पण निवडीवर मी ठाम आहे. झोप नीट न झालेली बाई दुपारी डुलकी काढू शकते. खुबा मोडलेल्या बाईचं पुढचं वर्ष घरातल्या सगळ्यांचं असतं.

फिजिओ_सहकारनगर
पद्धत कुठलीही ठरवा, पण हॉलची फरशी कसली आहे? पॉलिश केलेलं ग्रॅनाइट असेल तर मोजे घालून ताई ची अजिबात नको, आणि चटयाही सरकतात. पातळ, सपाट, न घसरणाऱ्या तळाचे बूट चालतील. सकाळी सातला फरशी पुसलेली ओली नसावी, हे सफाईवाल्या मावशींना आधीच सांगा.

मुठाकाठ
ग्रॅनाइटच आहे. आणि पुसतातही पावणेसातला. उद्याच सेक्रेटरींशी बोलते.