मे महिन्यात घरात मुलांना काय करायला द्यावं? (मुलं ५ आणि ८ वर्षांची)

लोकमान्यनगरची_आई (इंदूर):
नमस्कार मंडळी, सुट्ट्या लागल्या, लेक ८ ची धाकटा ५ चा आणि इंदूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, अकरानंतर बाहेर सोडायची सोय नाही. मग दुपारभर मोबाईल दे नाहीतर भांडण सोडव. ऑनलाइन एक सायन्स किट मागवलं, डब्यावर एवढा मोठा ज्वालामुखी आणि आत दोन पुड्या आणि प्लास्टिकचा एक शंकू, एकदा फसफसलं की खेळ खलास. कोणी घरातल्याच वस्तूंत होणारं काही सांगा ना, क्राफ्ट असो की सायन्स. धाकटा अजून सगळं तोंडात घालतो आणि फरशी पुसायची माझ्याकडेच असते, एवढं धरून सांगा 😅

सराफ्यातली_आत्या (इंदूर):
अगं हळदीचा कागद कर. हळद पाण्यात कालवायची, वहीच्या कोऱ्या कागदाला बोटांनीच फासायची आणि पंख्याखाली वाळू द्यायचा. मग कान साफ करायची कापसाची काडी साबणाच्या पाण्यात बुडवून त्यावर नाव लिही म्हणावं, अक्षरं लालभडक उमटतात. त्यावरच लिंबू पिळलं की परत पिवळं! साबण मात्र कपड्याच्या वडीचा घे, लिक्विड हँडवॉशने बरेचदा काहीच होत नाही आणि पोरं हिरमुसतात. आमच्याकडे नात मग घरभर कागद घेऊन फिरते, ताक तपास, टूथपेस्ट तपास, खायचा सोडा तपास (सोड्याने लाल नाही होत नीट, नारंगीच्या आसपास राहतो, का ते तिला विचारू दे). पानातला चुना तुझ्या हातानेच लाव, पोरांच्या डोळ्यात गेला तर वाईट. पूर्वी कुंकू हळदीला चुना लावूनच करायचे, आजेसासूबाईंना विचार. आणि पांढरे कपडे घालून बसवू नकोस, हळद जात नाही.

बडोदेकर_बाप:
आमच्याकडे फळ्याच्या खडूचा खेळ चालतो. पांढऱ्या खडूवर खालून साधारण बोटभर वर काळ्या स्केचपेनने गोल रेघ मारा आणि बशीत जरासं पाणी घेऊन त्यात खडू उभा करा, रेघ पाण्याच्या वर राहिली पाहिजे, बुडाली की रंग बशीत उतरतो. पाणी खडूतून वर चढतं आणि काळ्यातून निळा, जांभळा, कधी पिवळा वेगळा निघतो. परमनंट मार्करने होणार नाही, तो पाण्यात विरघळतच नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे काळे पेन लावून बघा, प्रत्येकाचं काळं वेगळं. मोठीला त्याची वही करून द्या.
आणि क्राफ्टसाठी: उत्तरायणच्या फाटक्या पतंगांचा कागद मी फेकत नाही, पातळ असतो, खिडकीच्या काचेवर पाण्यानेच चिकटतो. फक्त मांजा आधी काढून टाका, त्यावर काच असते. लग्नपत्रिका तर तुमच्याकडेही ढीगभर असतीलच, सोनेरी गणपती कापून धाकट्याला डिंक द्या, अर्धा तास शांतता 😂

लोकमान्यनगरची_आई:
पत्रिकांची तर अख्खी पेटी आहे! हळद उद्याच करते. अजून असं काही सांगा की एका दिवसात संपणार नाही, रोज थोडं थोडं.

निवृत्त_मास्तर (इंदूर):
ताई, हे आपल्या मध्य प्रदेशचंच आहे म्हणून सांगतो. होशंगाबादला १९७२ पासून सरकारी शाळांत विज्ञान शिकवायचा एक वेगळा प्रयोग चालला, पुढे तो २००२ मध्ये बंद झाला. तिथे अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या वॉल्व्हची बारीक रबरी नळी यांतून खेळणी बसवली, नंतर त्यांना पद्मश्रीही मिळाली. सायकलवाल्याकडून दोन हात वॉल्व्ह ट्यूब घ्या, किंमत विचारूच नका इतकी स्वस्त. दीड-दीड सेंटीमीटरचे तुकडे कापा. काडीवरचा गुल ब्लेडने तुम्ही खरवडून टाका, हे काम मुलांना देऊ नका आणि धाकट्यापुढे करूही नका. तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी खुपसली की सांधा झाला.
आता मुलीला चौकोन करायला सांगा. बोटाने जरा ढकलला की तिरका होऊन आडवा पडतो. मग त्रिकोण. तो दाबा, वाकवा, ढिम्म हलत नाही. बस, इथून पुढे तुम्ही काही बोलू नका. चौकोनात आडवी काडी घालायचं तिला आपोआप सुचेल (कर्ण जरा लांब लागतो, झाडूची काडी चालते), मग मोबाईल टॉवर आणि विजेचे खांब बघून ती तुम्हालाच सांगेल की सगळीकडे त्रिकोण आहेत. मोठी माणसं फार लवकर समजावायला बसतात, मी स्वतः तीस वर्षं तेच बघितलंय, पोराच्या तोंडून 'अरे!' निघायच्या आत आपण उत्तर सांगून मोकळे. तुकडे लहान असतात, धाकट्याला ताटात ठेवून समोर बसवा, गिळायला नको.

सावली_बघणारा (इंदूर):
भिया, रोजचं म्हणताय तर सावली! गच्चीवर किंवा गॅलरीत सपाट जागी एक सरळ काठी उभी करा आणि दुपारी सव्वाबारा-साडेबाराच्या सुमारास सावलीच्या टोकाला खडूने खूण करा, तारीख टाका, आत पळा. दोन मिनिटांचं काम, टोपी आणि चप्पल घालून. आपल्याकडे सूर्य घड्याळात १२ वाजता डोक्यावर येत नाही, इंदुरात साधारण १२:२५ ला येतो. मेच्या मध्यात एक मीटरच्या काठीची सावली जेमतेम ७ सेंटीमीटर असते आणि रोज आखूड होत जाते, ७ जूनच्या आसपास पार गायब! शून्य सावली. त्यानंतर महिनाभर दुपारची सावली उलट्या बाजूला, दक्षिणेला पडते, हे तर मोठ्यांनाही माहीत नसतं. ढग आले तर हुकेल पण मे महिना सगळा हातात आहे. उज्जैनच्या जयसिंगांच्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे, तेही हेच करतं, एखाद्या रविवारी सकाळी लवकर घेऊन जा.

ग्वाल्हेरची_मावशी:
आमच्याकडे काठीची सावली गायब कधी होते? भाच्याला सांगून ठेवते.

सावली_बघणारा (इंदूर):
मावशी, ग्वाल्हेरला कधीच नाही होत. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो कर्कवृत्तापर्यंतच, ते उज्जैनच्या थोडं वरून जातं आणि तुम्ही त्याच्या बरंच वर. २१ जूनलासुद्धा एक मीटर काठीची ५ सेंटीमीटर सावली राहणारच. भाच्याला मोजायला सांगा आणि ताईंच्या लेकीशी फोनवर ताळा करू दे. बडोदेकरांचं ३ जूनच्या आसपास, आमच्या आधी.

बडोदेकर_बाप:
सरस! ३ ला गच्ची ठरली.

लोकमान्यनगरची_आई:
वॉल्व्ह ट्यूब आणली, सायकलवाला म्हणाला पंक्चर कुठे आहे ते दाखवा 😄 लेकीने टॉवर सुरू केलाय, धाकटा पत्रिका कापतोय आणि सासूबाई काड्या मोजतायत. गच्चीत खडूने पहिली खूणही झाली. मास्तर, काड्या सांध्यातून निसटतायत, काय करू?

निवृत्त_मास्तर (इंदूर):
नळी जाड लागली असेल. सर्वांत बारीक भोकाची मागा, आणि काडी खुपसताना जरा पिळत घाला.