‘कुठली गं तू?’ – जिथलं नाव ऐकून लोक नाक मुरडतात अशा शहरांतून बाहेर पडलेल्यांचे अनुभव

कांडीवाली

परवा पोरांना घेऊन क्वारी बँकला गेले होते, मँचेस्टरपासून जवळच आहे, 1784 सालची कापडाची गिरणी, आता म्युझियम केलंय. तिकीट काढून आत गेलो, एका हॉलमध्ये जुने माग आहेत आणि मधूनमधून एखादा चालवून दाखवतात. माग सुरू झाला, खटाखट खटाखट, आजूबाजूच्या सगळ्यांनी कान झाकले, धाकट्यानं तर भोकाडच पसरलं, आणि मला काय झालं माहितीये? मला झोप आली. खरंच, डोळे जड झाले. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की अठराव्या वर्षापर्यंत रोज रात्री मी याच आवाजात झोपलेय. आमच्याकडं आवाजानं जाग यायची नाही, लाइट जाऊन माग थांबले की यायची.

सोलापूर, पूर्व भाग, अशोक चौकाकडं. खाली माग, वर आम्ही. घरात तेलुगू, शाळेत मराठी, नळावर कन्नड. अम्मा दुपारभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. पुण्यात इंजिनिअरिंगला आले तर कुणी कुठली विचारलं की मी ‘पुण्याकडचीच’ म्हणायचे. अडीचशे किलोमीटरवरचं गाव पुण्याकडचं! होस्टेलवर माझ्या ‘काय करलालीस’ला मुली इतक्या हसायच्या की दिवाळीच्या आत मी ‘अय्या, हो का’ शिकले. एकानं भर वर्गात विचारलं सोलापुरात चादरीशिवाय आहे काय, सगळे हसले, मीही हसले, सगळ्यात मोठ्यानं.

तर तिथली गाइड सांगत होती की एवढ्या आवाजात ऐकू यायचं नाही म्हणून या भागातल्या गिरण्यांतल्या बायका नुसत्या ओठांनी बोलायच्या, त्याला मी-मॉइंग म्हणतात. सगळे वॉव वॉव. आमचे नाना आणि काका दोन टोकांच्या मागांवरून एकमेकांना अशाच शिव्या द्यायचे, तोंडातून आवाज न काढता. मग ती म्हणाली नऊदहा वर्षांची मुलं इथं कामाला असायची, सगळ्यांचे चेहरे पडले. मी नववीपर्यंत दर सुट्टीत कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या रिळी, भरल्यात. तिथं काही बोलले नाही. घरी आल्यावर थोरल्याला सांगितलं, तो म्हणाला मग तू पण म्युझियममधली आहेस का.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय म्हणून हा धागा. ज्या गावाचं नाव सांगताना आवाज बारीक व्हायचा ते लांबून कसं दिसलं? चांगलंच दिसायला पाहिजे असं काही नाही.

गोदाकाठ

नांदेड. इथं ब्रॅम्प्टनला पहिल्याच महिन्यात टॅक्सीत बसलो, ड्रायव्हर सरदारजी, विचारलं इंडियात कुठून, मी सवयीनं ‘निअर हैदराबाद’. पुढं विचारलं तेव्हा नांदेड म्हणालो तर त्यांनी सिग्नलला गाडी थांबल्यावर पूर्ण मागं वळून बघितलं. हजूर साहिब? तुम्ही तिथले? त्यांची आई सचखंड एक्सप्रेसनं अमृतसरहून एकदा येऊन गेलेली आणि तेच आयुष्यभर सांगत राहिली म्हणे. मला विचारायला लागले, पहाटे गोदावरीचं पाणी घागरीतून गुरुद्वाऱ्यात नेतात ते बघितलं असेल तुम्ही, कसं असतं. घर नदीपासून दहा मिनिटांवर. मला हे माहीतच नव्हतं!! आम्ही लंगरला जायचो क्रिकेट खेळून भूक लागली की. गुरू गोविंदसिंग 1708 ला नांदेडला वारले हे इतिहासात दोन मार्काला होतं तेवढंच. पुढच्या सुट्टीत पहाटे अडीचला उठून गेलो. आई म्हणाली कॅनडाला जाऊन याला काय झालंय, पूर्वी आठला उठायचा नाही.

आणि हो, तोपर्यंत मी नांदेडबद्दल काय सांगायचो तर रस्ते 2008 ला गुरुतागद्दीच्या, म्हणजे ग्रंथसाहिबला गुरुपद दिल्याच्या त्रिशताब्दी सोहळ्याच्या वेळी झाले. बस.

राजेहो_अकोला

बंगलोरात सगळे म्हणतात किती ऊन आहे ना आज, 34 डिग्री. भाऊ 34 ला आमच्याकडे लगन लावतात लोकं, दुपारी बाराचं. कूलरमधली वाळ्याची ताटी ओली झाली की तो जो वास येते त्याच्यासाठी मी एकदा इथं वाळा शोधत फिरलो, मिळाला तो पूजेच्या दुकानात, एवढीशी जुडी. बायको म्हणे एसी आहे ना घरात. आता हिला काय सांगावं.

धाग्याशी संबंध नाही बहुतेक याचा. पोहे जळले माझे, येतो.

कांडीवाली

आहे आहे, पूर्ण संबंध आहे. पोहे बघा आधी.

कृष्णाकाठची

सांगली, सध्या मस्कत. जुलै लागला की माझ्या फोनवर एकच चालू, आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फूट. नवरा पुण्याचा, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्याला वाटलं मी मॅचचा स्कोअर बघतेय, 38 झाले 39 झाले करत होते मी. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे आम्हाला पाढ्यांसारखं पाठ. मग कोयनेतून किती सोडलं, खाली कर्नाटकात अलमट्टी धरणातून किती सोडतायत, सगळे घरातले मेंबर पाटबंधारे खात्यातले असल्यासारखे बोलतात. सांगलीत असताना मला या गप्पांचा इतका कंटाळा यायचा, म्हणायचे दुसरा विषय नाही का या गावाला. 2019 ला 57 च्या पुढं गेलं तेव्हा मी इथं होते. आई माळ्यावर, फोन बंद करून ठेवलेला बॅटरी वाचवायला, दर तीन तासांनी चालू करून एक मेसेज टाकायची, फक्त आकडा. ‘सहावी पायरी’. ‘सातवी’. बाकी एक अक्षर नाही. ते मेसेज अजून आहेत माझ्याकडं, उडवत नाही.

भडंगावर लिहायला आले होते मी खरं तर. असो.

गोदाकाठ

ताई, अंगावर काटा आला. आई आता बऱ्या ना?

कृष्णाकाठची

एकदम. आता दुसऱ्या मजल्यावर राहते आणि खालच्यांना आकडे पुरवते.

भोपळ्याचा_तंबोरा

मिरजेकर इथं कुणी आहे का? सांगलीच्या सावलीत आम्ही नेहमीच, मिरज म्हणजे जंक्शन आणि दवाखाने. रॉटरडॅमला एका मैफलीला गेलो, मागं तंबोऱ्यावर एक डच मुलगी, मध्यंतरात सहज म्हटलं मी मिरजेचा तर तिनं तंबोरा फिरवून आतली चिठ्ठी दाखवली, मिरज. तिनं वर मलाच सांगितलं की भोपळे पंढरपूरकडून येतात. शाळेतून घरी येताना रोज सतारमेकर गल्लीतून यायचो मी, लाकडाचा भुसा चुकवत. तंबोरा म्हणजे सुतारकाम वाटायचं.

ताडोबाचा_शेजारी

चंद्रपूर. पुण्यात पहिला प्रश्न नक्षलवादी बघितलेत का, जर्मनीत पहिला प्रश्न वाघ बघितलेत का. दोन्हींना हो म्हणतो आता.

अजून_इथंच

वाचतोय सगळं. मी लातूरचा आणि लातूरलाच आहे, कुठं गेलो नाही, त्यामुळं इथं लिहावं का नाही कळंना, पण लिहितो. राग मानू नका. तुम्ही लोक लांबून बघता तेव्हा भोपळा दिसतो, वाळा दिसतो. वरच्या भावाला मिरजेचा तंबोरा आठवला, आम्हाला मिरज म्हटलं की पाणी आठवतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर, स्टेशनवर लोक हार घेऊन उभे. टीव्हीवाले निघून गेले. आम्ही घागरीवर नंबर टाकून रांगेतच होतो. माझ्या बॅचचे पंचेचाळीसपैकी चाळीस बाहेर आहेत, लातूर पॅटर्न पॅटर्न म्हणतात ना तो याच्यासाठीच होता, मार्क काढा आणि जा. दिवाळीत चार दिवस येतात, गंजगोलाईत फोटो काढतात, म्हणतात काहीच बदललं नाही रे. बदलणारे सगळे तुम्ही घेऊन गेलात की ओ. तुमच्या आईबापांना दवाखान्यात न्यायला रात्री आम्हालाच फोन येतो, आणि जातो, काही नाही.

जास्त बोललो असेन तर सोडून द्या.

कांडीवाली

जास्त नाही दादा. माझ्या अम्माच्या मोतीबिंदूच्या वेळी शेजारचा पोरगाच घेऊन गेला होता, माझ्या शाळेतला, गणितात माझ्यापेक्षा हुशार. मी त्याला थँक्यूचा मेसेज टाकला, वर ते हात जोडलेले चित्र. तुमचं वाचून आत्ता लाज वाटली त्याची.

भोपळ्याचा_तंबोरा

बरोबर बोललात.

गल्ली_नंबर_चार

मी परत आलेला प्राणी. धुळे. न्यूयॉर्कला होतो सहा वर्षं, तिथं गेल्या गेल्या सगळे सांगायचे बघ काय प्लॅनिंग, सरळ रस्ते, नावाऐवजी नंबर. अरे भो, माझा जन्म गल्ली नंबर चारमधला! धुळं पण आखून वसवलेलं, ब्रिग्ज नावाच्या साहेबानं, न्यूयॉर्कचा तो प्लॅन 1811 चा आणि आमचं काम त्यानंतर आठदहा वर्षांत सुरू. कुणाला सांगायची सोय नाही, धुळं कुठं आहे इथपासून सुरुवात.

2020 ला लॉकडाऊनमध्ये आलो आणि वर्क फ्रॉम होम म्हणून राहिलोच. आता खरं सांगू का, लांबून जे धुळं दिसत होतं ते इथं नाहीये. शेवभाजी आहे, ती उत्तम आहे. राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसतो, लहानपणी ती एक बंद इमारत वाटायची, आत काय काय कागद आहेत. पण बोलायला माणूस नाही, म्हणजे माणसं खूप आहेत, विषय तीन: पगार किती, प्लॉट घेतला का, पोरगी बघू का. मिटिंगमध्ये लाइट जाते. संध्याकाळी गच्चीत उभा राहून मला कधीकधी न्यूयॉर्कच्या त्या घाणेरड्या सबवेची आठवण येते, तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. तेव्हा दोन्हीकडून लटकलेलो आहे.

राजेहो_अकोला

पोरगी बघू का मग? (पोहे दुसऱ्यांदा केले)

गल्ली_नंबर_चार

सुरू झालं का इथंबी.

सहा_तीसची_गाडी

मीपण सोलापूरची कांडीवाली ताई. चार वर्षं हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येजा केली, डब्यात जागा कशी पकडायची यावर पीएचडी होईल. दिल्लीला हॉस्टेलवर बंगाली रूममेटनं विचारलं, हुतात्मा म्हणजे शहीद ना, मग कोणते? मी गप्प. चार आहेत हे माहीत, पुतळे बघितलेले, नावं? एक आठवलं. रात्री बसून वाचलं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, कुर्बान हुसेन. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात दोनतीन दिवस इंग्रजांचं काही चाललं नाही, मग मार्शल लॉ, आणि 12 जानेवारी 1931 ला चौघांना येरवड्याला फाशी. येरवडा! म्हणजे आपण ज्या गावाला ‘शिकायला’ जातो तिथंच. आणि 12 जानेवारी म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, घरोघरी तीळ भाजायचा वास, नंदीध्वज निघायच्या तोंडावर. त्या वर्षी काय झालं असेल गावात असं वाटत राहिलं. रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली तुमच्याकडं हे कुणी बोलत का नाही. काय सांगणार, जागा पकडायच्या नादात राहिलं.

कांडीवाली

अगं मला पण तीनच येत होती, आत्ता वाचून चौथं कळलं. कुठली तू? कुठल्या शाळेत?

सहा_तीसची_गाडी

सात रस्ता. शाळा नको सांगायला, गणिताच्या बाई इथं असतील.

गोदाकाठ

सोलापूरवाल्यांनो, ती शेंगा चटणी कॅनडात कस्टमला अडवतात का? सासूबाई पाठवतायत कुणाबरोबर तरी.

सहा_तीसची_गाडी

तेल सुटलेली असेल तर डबल पिशवी. माझ्या भावाचे सगळे कपडे गेलेत त्यात, ऑफिसच्या पहिल्या दिवशी लसणाचा वास. कडक भाकरी बरोबर मागवा, ती सहा महिने टिकते, दात टिकत नाहीत.

कृष्णाकाठची

चटणीपेक्षा भडंग न्या. कोरडं असतं.

सहा_तीसची_गाडी

सांगलीकरांनी मध्ये पडू नये.

अजून_इथंच

कांडीवाली ताई, तुमचे माग चालू आहेत का अजून? इकडं पण होते थोडे, बंद झाले.

कांडीवाली

नाही. दोन वर्षांपूर्वी नाना गेले, मागच्या दिवाळीत भावानं आठही माग भंगारात दिले, किलोवर. तो काय करणार, पोरं शिकतायत, खाली आता एक मोबाइल रिपेअरिंगवाला भाड्यानं आहे. मी फोनवर म्हटलं एखादा ठेवायचास, तो म्हणाला ठेवतो, तू तिकडून तेल घालायला येणार का. मग एक धोटा, मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावतो तो, तेवढा ठेव म्हटलं. ठेवला, यंदा आणला. सागवानी, दोन्ही टोकांना लोखंड, नानांचा अंगठा जिथं यायचा तिथं गुळगुळीत झालाय. इथं टीव्हीखाली ठेवला होता, धाकट्यानं तो बाथटबमध्ये नेला, बोट म्हणून. तरंगतो बरं का, मला माहीत नव्हतं.

मजा म्हणजे क्वारी बँकला असाच धोटा काचेच्या आत आहे, हात लावू नये लिहिलंय.

अजून_इथंच

वाळवून ठेवा, फुगेल.

कांडीवाली

हो दादा, आत्ताच काढला. आणि ऐका, त्या शेजारच्या पोराला फोन केला मघाशी, वीस मिनिटं बोललो, त्यातली पंधरा तो शिव्या देत होता आणि मी हसत होते. अम्माशी बोलायचं राहिलं, तिनं उचलला आणि लगेच ठेवला. आज चौथा दिवस, पाणी आलंय म्हणे, भरून झालं की करते.