मदत हवी आहे: तावीरा (पोर्तुगाल) इथे वर्षभराचा भाडेकरार भारतात बसून कसा करायचा?

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. आधी कुणी लिहिलं असेल तर दुवा द्या.

मी बँकेतून व्हीआरएस घेतली आहे, नवरा येत्या मार्चमध्ये निवृत्त होतोय. लेक जर्मनीत. तिच्यापासून फार लांब नको, पण तिथली थंडीही झेपायची नाही, म्हणून पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला, अल्गार्वमधलं तावीरा मनात भरलं. जूनमध्ये आठ दिवस राहून आलो. नदीकाठचं छोटंसं गाव, होडीतून जायचा किनारा, आणि गावाबाहेर पडलं की मिठागरं. मी मूळची उरणची. मिठाच्या राशी दिसल्या आणि मी तिथेच विरघळले, असं नवरा अजून सगळ्यांना सांगतो.

व्हिसा डी-७ चा काढायचाय, म्हणजे पेन्शन किंवा भाड्याच्या उत्पन्नावरचा. २०२५ मध्ये मुख्य अर्जदाराला महिना किमान ८७० युरो उत्पन्न लागायचं आणि जोडीदारासाठी त्याच्या निम्मं, मिळून १३०५. माझं पेन्शन आणि ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं धरून तेवढं बसतं. यूट्यूबवर अजूनही सांगतात ती करसवलत (एनएचआर) २०२३ अखेर नव्यांसाठी बंद झाली, हे माहीत आहे. ती हिशेबात धरलेली नाही.

घोडं अडलंय घरापाशी. व्हिसाच्या अर्जासोबत किमान बारा महिने राहायची सोय दाखवावी लागते. तावीरात घरं मिळतात, पण ऑक्टोबर ते मे. जून उजाडला की मालकाला पर्यटक हवे असतात, आठवड्याच्या भाड्यावर. आम्ही विचारलेल्या पाच मालकांपैकी चौघांनी हेच सांगितलं. पाचवा वर्षभर द्यायला तयार आहे, पण सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतोय, आणि तेही आम्ही घर न बघता.

त्याने फोटो पाठवले. हॉल सुरेख, निळ्या फरशा, खिडकीतून ऊन. नवरा खूश. मी फोटो मोठा करून बघितला तर कोपऱ्यात चाकांवरचं एक पांढरं यंत्र, त्याच्या पोटात पाण्याची टाकी. हवेतला ओलावा शोषून घेणारं. आणि कपाट भिंतीपासून चांगलं वीतभर पुढे ओढलेलं. उन्हाच्या गावात हे कशाला? कोकणात वाढलेय हो, भिंतीला बुरशी कुठून धरते ते मला कुणी शिकवायला नको. नवरा म्हणतो, तुला उगाच शंका.

तर प्रश्न असे:

एक म्हणजे, एवढं आगाऊ भाडं द्यावं का? आणि करार खरा आहे हे इथून कसं तपासायचं?

दुसरं, तिथल्या हिवाळ्यात घरात नेमकी काय परिस्थिती असते?

तिसरा जरा लाजिरवाणा आहे. आमचं लग्न १९९४ चं, नोंदणी केलेलीच नाही. आता दाखला हवा, त्यावर अपोस्टिल (दाखला परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) हवं. लग्न लावणारे गुरुजी कधीच वारले. कुणाला असा अनुभव?

*

प्रतिसाद:

ताई, तुमची शंका शंभर टक्के बरोबर आहे. आम्ही अल्गार्वमधल्याच फारो शहराजवळ चौथं वर्ष काढतोय. इथला पाऊस आपल्या उलट, उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि पाणी पडतं ते हिवाळ्यात. जुन्या घरांच्या भिंतींना थंडी अडवणारा थर नसतो, घर तापवायची सोय बहुधा नसते. जानेवारीत आम्ही गच्चीत उन्हाला बसतो आणि आत आलो की स्वेटर चढवतो. पहिल्या वर्षी चामड्याच्या चपलांवर हिरवी लव आली होती.

कराराचं म्हणाल तर मालकाने तो फिनान्सास, म्हणजे तिथल्या कर खात्याकडे नोंदवायला हवा. नोंदणीची पावती मागा. देतो-बघतो करायला लागला तर सोडून द्या. करारात 'ट्रान्झितोरियुश' शब्द दिसला तर सावध, तो तात्पुरत्या मुक्कामाचा करार, तुमच्या कामाचा नाही. सही करायच्या आधी दोघांचे निफ (करदाता क्रमांक) काढून घ्या, त्याशिवाय ना करार ना बँक खातं. आणि तावीरावर अडून बसू नका. त्याच रेल्वेमार्गावर फुझेटा आहे, ओल्यांव आहे. तिथेही मिठागरं आहेत!

प्रतिसाद:

लग्नाच्या नोंदणीचं घाबरू नका. आमचेही गुरुजी हयात नव्हते, तसं प्रतिज्ञापत्र दिलं. पत्रिका आणि लग्नातला फोटो जोडला, तीन साक्षीदार नेले. दाखल्यावर आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल. नाव पासपोर्टवर आहे तस्संच घालून घ्या, माझ्या बायकोच्या माहेरच्या नावावरून आम्हाला परत चक्कर पडली. पोलिसांचा दाखला (पीसीसी) मात्र शेवटी काढा, तो लवकर शिळा होतो.

*

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. चपलांवरची लव नवऱ्याला वाचून दाखवली. पाच मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, जानेवारीत जाऊन बघू. लेकीकडे जायचंच आहे, तिथून आठवडाभर फारोला उतरू. पाचव्या मालकाला कळवलंय की घर बघितल्याशिवाय पैसे नाहीत, आणि कपाटामागचा फोटो पाठवा. दोन दिवस झाले, उत्तर नाही.

लग्नाची पत्रिका सापडत नाहीये. उद्या माहेरी जाऊन आईच्या ट्रंकेत बघते. फुझेटात जानेवारीत आठवडाभरासाठी साधी खोली कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा.