गावातील तरुण मंडळासाठी छोटे अनुदान: आधी नोंदणी करावी की काम सुरू करावे?

वेल्हे_परिसर
नमस्कार. आमचे गाव पुणे जिल्ह्यातील वेल्हे (आता राजगड) तालुक्यात आहे. गावातील काही मुलामुलींनी बंद पडलेल्या समाजमंदिरात अभ्यासिका चालवायची आणि सुट्ट्यांमध्ये लहान मुलांची शिबिरे घ्यायची असे ठरवले आहे. टेबल-खुर्च्या, दिवे, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि शिबिराचा खर्च मिळून चाळीस-पन्नास हजार रुपयांत सगळे बसते. शहरातील परिचित सांगतात की आधी संस्था नोंदवा आणि मग अर्ज करा. गावातील ज्येष्ठ म्हणतात की वर्गणी काढा. यातील योग्य मार्ग कोणता?

हिशेबनीस
वर्गणीविषयी प्रथम लिहितो, कारण गैरसमज तिथेच अधिक आहेत. नोंदणी नसलेल्या मंडळाला सार्वजनिक कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी घेतात, तीच ही परवानगी. ती ठरावीक मुदतीची असते आणि त्यानंतर हिशेब सादर करावा लागतो.

नोंदणीबाबत माझे मत असे, की पन्नास हजारांसाठी संस्था नोंदवू नये. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमासाठी लागणारे सात सभासद सहज मिळतील, पण आपल्या राज्यात अशा संस्थेची नोंद १९५० च्या अधिनियमाखाली न्यास (ट्रस्ट) म्हणूनही होते. मग दरवर्षीचे हिशेब आले आणि कार्यकारिणीतील प्रत्येक बदलासाठी कलम २२ खालचा बदल अर्ज आला. तुमच्या मंडळातील मुले-मुली आज अभ्यासाला बसली आहेत. उद्या कोणी पोलीस भरतीत निवडले जाईल, कोणी चाकणला नोकरीला लागेल, कोणाचे लग्न होईल. बदल अर्ज राहून गेले की कागदावरचे विश्वस्त निराळे आणि प्रत्यक्ष काम करणारे निराळे, अशी स्थिती होते आणि बँकेचा साधा व्यवहारसुद्धा अडतो.

शिवाय नोंदणी केली म्हणून कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी लगेच मिळत नाही. १ एप्रिल २०२१ पासून त्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, आयकर कायद्याखालील करसवलतीच्या नोंदण्या (१९६१ च्या कायद्यातील १२ अ आणि ८० जी) लागतात आणि स्वतंत्र संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणून एखाद्या जुन्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली सुरुवात करावी, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. वेल्हे परिसरात पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी या शैक्षणिक संस्थेचे ग्रामीण काम दीर्घकाळ चालू आहे. निदान मार्गदर्शनासाठी तिथल्या कार्यकर्त्यांना अवश्य भेटा. मात्र छत्र देणाऱ्या संस्थेने परदेशी देणगीतील रक्कम तुमच्याकडे वळवू नये, कारण २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी अंशदानाच्या कायद्याने तसे हस्तांतरण बंद केले आहे.

माजी_सदस्य_भोर
हिशेबनीस यांचे नोंदणीबाबतचे म्हणणे मान्य आहे, परंतु संस्थेचे छत्र हा पहिला उपाय नसावा. बाहेरची संस्था आली की निर्णय तिच्या कार्यालयात होतात आणि गावातील मुले तिचे स्वयंसेवक होऊन राहतात, ही माझी खरी चिंता आहे. पहिले दार ग्रामपंचायतीचे आहे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येणारे २९ विषय आहेत आणि त्यांत ग्रंथालये व सांस्कृतिक उपक्रम स्पष्टपणे नोंदवलेले आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातील निधीत ६० टक्के वाटा पाणी व स्वच्छतेसाठी बंधित आणि ४० टक्के अबंधित ठेवला गेला. पगार व आस्थापना खर्च वगळता असा अबंधित वाटा गावाच्या गरजेनुसार वापरता येतो. त्यासाठी काम गावाच्या विकास आराखड्यात यावे लागते, आणि आराखडा मंजूर होताना तरुण ग्रामसभेत हजर नसतील तर रस्ते आणि गटारे यांतच तो निधी संपतो. याखेरीज ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. मुलींसाठीच्या उपक्रमाची मागणी त्याखाली जरूर करावी.

समाजमंदिर ग्रामपंचायतीच्या मालकीचे असेल तर वापराचा लेखी ठराव मात्र आजच मागा. निधी नंतर आला तरी चालेल. सत्ता बदलल्यावर नव्या कुलुपासमोर उभे राहावे लागू नये.

अर्ज_वाचणारी
पुण्यातील एका छोट्या निधीसाठी आलेले अर्ज मी वाचते. टेबलांसाठी पैसे देणारे सहज भेटतात, वीजबिलासाठी मिळत नाहीत. म्हणून दुसऱ्या वर्षीचे वीजबिल कोण भरणार, हे तुमच्या अर्जात असेल तर तो माझ्यासाठी निम्मा मंजूर होतो. दुसरे म्हणजे वेळ. अभ्यासिका फक्त रात्री उघडी राहणार असेल, तर कागदावर मुलामुलींची असली तरी ती मुलांचीच होते. दुपारची वेळ ठेवा आणि एक किल्ली मुलींकडे द्या. निधी देणाऱ्यांनाही मी आग्रहाने सांगते, की एवढ्या रकमेसाठी दोन पानी अर्ज, पावत्या आणि एक साधा अहवाल पुरेसा असावा. वीस पानांचा नमुना भरण्यात मुलांचा सगळा उत्साह आटतो, आणि मग अर्ज लिहून देणारा एखादा मध्यस्थच गावाचा प्रतिनिधी बनतो.

वेल्हे_परिसर
सर्वांचे मनापासून आभार. वापराच्या ठरावासाठी सरपंचांना अर्ज देत आहोत आणि येत्या ग्रामसभेत विषय मांडणार आहोत. ग्रामपंचायतीकडून पुस्तकांचा खर्च सुटला नाही, तरच संस्थेकडे जाऊ. तसे झाल्यास पैशांचा व्यवहार कोणाच्या नावावर ठेवावा?

हिशेबनीस
कोणाही एकाच्या वैयक्तिक खात्यावर रक्कम घेऊ नका. संस्थेने दुकानदाराला थेट पैसे द्यावेत. काय घ्यायचे ते मंडळाच्या बैठकीत ठरावे आणि इतिवृत्तात लिहिले जावे, म्हणजे वर व्यक्त झालेली चिंताही बरीच कमी होईल. किरकोळ खर्चाच्या प्रत्येक व्हाउचरवर दोघांच्या सह्या घ्या, त्यांपैकी एक मुलीची असावी, आणि खर्चाची वही अभ्यासिकेतच कोणालाही पाहता येईल अशी ठेवा.