मॅकबेथला पश्चात्ताप होतो, की नुसती झोप उडते?

वर्धारोडवाला:
पोरगी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधले दोन प्रवेश करून राहिली. आठ दिवस झाले, रात्री जेवणं आटोपली की मी मॅकबेथ वाचतो, ती राणी. मी कॉमर्सवाला, पण खुनानंतरच्या प्रवेशापाशी अडकलो.

राणीनं चढवलं म्हणून राजा डंकनला मारून मॅकबेथ येतो आणि सांगतो काय, तर झोपेतून दचकून उठलेल्या कोणीतरी 'देव आपलं भलं करो' म्हटलं आणि माझ्या तोंडून 'आमेन' निघालं नाही. मग त्याला आवाज ऐकू येतो, मॅकबेथनं झोपेचाच खून केला. राणी म्हणते, थोड्याशा पाण्यानं हे धुऊन निघेल. पाचव्या अंकात तीच झोपेत चालते, हात चोळते, उशाशी सतत दिवा लागतो तिला. तो मात्र पुढं मित्राला, बँकोला मारवतो, सरदार मॅकडफची बायकामुलंही सोडत नाही. मग त्याला पस्तावा झाला म्हणायचं का?

विचारतो त्याला कारण आहे. वर्धा रोडच्या आत आमचा साडेचार एकर संत्र्याचा बगिचा होता, पाचशेच्या आसपास झाडं. नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पामुळं भाव चढले आणि २००७ च्या ऑगस्टमध्ये मी लेआऊटसाठी देऊन टाकला. सातबारा बाबांच्या नावावर. सही करताना ते एवढंच बोलले, "आंबिया तरी उतरू दे." आंबिया म्हणजे संत्र्याचा हिवाळ्याच्या तोंडी उतरणारा बहार. फळं झाडावर होती, तीन महिन्यांचा प्रश्न होता. मी थांबलो नाही. मला चढवायला कोणी राणीही नव्हती.

तेव्हा शेतीची लाईन रात्रीच यायची, बाबा दोनला उठून मोटर सुरू करायचे. आता फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावरही दोनला उठतात, बाल्कनीत उभे राहतात. मला माहीत आहे, कारण मीही जागाच असतो.

धरमपेठची_बाई:
तेहेतीस वर्षं हे नाटक शिकवलं. खुनानंतर दार ठोठावलं जातं, तेव्हा मॅकबेथ म्हणतो, 'या आवाजानं डंकनला जागं कर, तुला जमलं तर!' ही त्याची खरी हळहळ. पण तिसऱ्या अंकात तोच म्हणतो, रक्तात इतका आत आलोय की परत फिरणंही पलीकडं जाण्याइतकंच कष्टाचं. तिथं तो ठरवून पुढं जातो. झालेल्याचं दुःख त्याला आहे, वळायची तयारी नाही.

तुमच्या प्रश्नाला 'हॅम्लेट'मधला क्लॉडियस जास्त जवळचा आहे. भावाला मारून राजा झालेला. तो गुडघे टेकतो, पण प्रार्थना जमत नाही, कारण ज्यासाठी खून केला ते मुकुट, महत्त्वाकांक्षा आणि राणी तिन्ही त्याच्याकडंच आहेत. मिळवलेलं हातात ठेवून क्षमा मिळते का, हे तो स्वतःलाच विचारतो आणि उत्तर त्याला ठाऊक असतं.

आणि दादा, जमीन विकणं म्हणजे खून नव्हे. डंकन उठत नाही. तुमचे बाबा रोज दोनला उठतात. बाल्कनीत जाऊन उभे राहिलात का कधी त्यांच्याजवळ?

तालमीतला:
मुलीसाठी सांगतो. मेजवानीच्या प्रवेशानंतर राणी थेट पाचव्या अंकात दिसते, मध्ये कुठंच नाही. आधी ती नवऱ्याला समजावते, 'झालं ते झालं.' झोपेत तेच उलटून येतं, 'झालेलं आता परतवता येत नाही.' दोन्ही वाक्यं एकाच आवाजात बसवून पाहा म्हणावं. झोपेतलं बोलणं शेक्सपिअरनं छंदात नाही, गद्यात लिहिलंय, तुटक तुटक. तिथं ओरडायचं नाही.

बाईंशी एका बाबतीत माझं जमत नाही. वळायची तयारी राणीचीही नाही. जागेपणी ती एकटी असताना एकदाच कबूल करते, सगळं खर्चून हाती काही नाही आलं. लगेच नवरा येतो आणि ती पुन्हा त्याला धीर द्यायला लागते. मला तीच जास्त लागते.

काटोलकर:
राजेहो, आम्ही बगिचा ठेवला. डिंक्या रोगानं निम्मी झाडं गेली, बाकीच्यांवर कोळशी रोग. विकला असता तर बरं झालं असतं, असं माझा बाप रोज म्हणते. ठेवणाऱ्यालेही झोप लागत नाही, एवढंच सांगतो.

वर्धारोडवाला:
बाईंचं वाचून काल दोनला बाल्कनीत गेलो. पंधरा मिनिटं दोघंही काही बोललो नाही. क्लॉडियसचं डोक्यात होतंच. हा फ्लॅट, पोरीची फी, सगळं त्याच पैशातलं, ते काही मी परत करू शकत नाही आणि करणारही नाही, खोटं कशाला बोलू. पण लेआऊटमधला कोपऱ्याचा एक प्लॉट माझ्या नावावर आहे, तीस बाय पन्नास. भाव आणखी चढेल म्हणून ठेवला होता. बाबांना म्हटलं, तिथं संत्रा लावू का?

बराच वेळ ते खाली रस्त्याकडंच पाहत राहिले. मग म्हणाले, "कलम जंबेरीच्या खुंटावरचं आणशीन का रंगपूरच्या? अन् चारच्या वर झाडं नाही बसत तिथं."