मदत हवी आहे: पॉलिहाऊसमधले तीन सेन्सर तीन तापमानं दाखवतात, खरं कोणाचं धरू?

नमस्कार मंडळी. मोहाडीला, दिंडोरी तालुक्यात, आमचं 20 गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. आत रंगीत ढोबळी मिरची. घट बसल्यापासून ऊन असं तापलंय की दुपारी आत उभं राहवत नाही.

कंट्रोलरसोबत आलेला सेन्सर मधल्या गाळ्यात लोखंडी खांबाला, डोक्याच्या बराच वर ठोकलेला आहे. पाण्याचं बारीक धुकं सोडणारे फॉगर त्याच्याच आकड्यावर, 32 अंशांना सुरू होतात. खात्री करावी म्हणून मी आणखी दोन लावले: शेंड्यांच्या उंचीवर डीएचटी 22, आणि पश्चिमेच्या पडद्याजवळ तारेला बांधलेला डीएस 18 बी 20, तो स्टीलच्या कांडीचा. काल दुपारी दीड वाजता कंट्रोलर 39.2, डीएचटी 33.1, कांडी 36.4. सहा अंशांचा फरक!

फॉगर थांबतच नाहीत. पानं संध्याकाळपर्यंत ओली राहतात, आई म्हणते आत शिरलं की कुबट वास येतो. फुलगळही सुरू झालीय. ज्यांनी बसवून दिलं ते म्हणतात, "थोडाफार फरक राहतोच."

मी पाहिलेल्या काही गोष्टी सांगते. रात्री तिघंही अर्ध्या अंशाच्या आत असतात. सकाळी नऊच्या सुमारास ऊन आत आलं की फाटाफूट होते, ढग आला की पुन्हा जवळ येतात. काल कांडीवर छत्री धरून उभी राहिले, पाच मिनिटांत आकडा जवळजवळ तीन अंशांनी उतरला. शिवाय कांडी मधूनच थेट 85 दाखवते. कांडी खराब असेल का? की तिघांची सरासरी काढून कंट्रोलरला देऊ?

प्रतिसाद:

ताई, सरासरी अजिबात काढू नका. तीन चुकांची सरासरी म्हणजे चौथी चूक. तुमच्या छत्रीनेच निम्मं उत्तर दिलंय. रात्री जुळतात आणि उन्हात फाटतात, म्हणजे सेन्सर बिघडलेले नाहीत, ते हवेऐवजी ऊन मोजतायत. कायमचा फरक असता तर तो रात्रीही दिसला असता. खांबावरच्याला तापलेलं लोखंडही चटका देतं, आणि वर गरम हवा साचते ती वेगळीच. झाड जिथे आहे तिथलं तापमान हवं.

डीएचटीचं उलट झालंय. फॉगरचे थेंब त्याच्यावर बसले की ते वाळताना तो थंड पडतो आणि कमी दाखवतो. 85 हा डीएस 18 बी 20 चा चालू होतानाचा ठरलेला आकडा. सगळ्यात बारीक, म्हणजे 12 बिटची मोजणी पूर्ण व्हायला 750 मिलीसेकंद लागतात, त्याआधी वाचलं किंवा वीज क्षणभर तुटली की तो येतो. वायरचे सांधे तपासा, डेटा आणि प्लसच्या तारांमध्ये 4.7 किलोओहमचा रेझिस्टर आहे ना तेही बघा.

आधी कांडी बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून ढवळत बुडवा, शून्याच्या आसपास यायला हवी. डीएचटी बुडवू नका, तो रात्री कांडीशेजारी बांधून ताडून पाहा. मग पांढरा पीव्हीसी पाईप आडवा टांगा, एका टोकाला कॉम्प्युटरचा छोटा पंखा हवा बाहेर ओढेल असा, आणि सेन्सर दुसऱ्या टोकाशी आत. पंख्याची ऊब सेन्सरवरून जाता कामा नये. पाईप शेंड्यांच्या उंचीवर, फॉगरच्या फवाऱ्याबाहेर.

पाच दिवसांनी:

दादा, मनापासून आभार. बर्फात कांडी 0.3 आली. 85 चा दोष एका सांध्यात निघाला, तांबं हिरवं पडलं होतं. पाईपमध्ये गेल्यावर कांडी आणि डीएचटी भर दुपारीही 0.6 च्या आत आहेत. कंट्रोलरचा सेन्सर सोडवून त्याच पाईपमध्ये घेतला. काल दीड वाजता तिघंही 34 च्या आगेमागे होते. फॉगर आता थांबून थांबून चालतात, चार वाजता पानांना हात लावला तर कोरडी होती.

एकच विचारायचं राहिलं. डिसेंबरात आमच्याकडे पहाटे पारा खूप उतरतो. पडदे कधी पाडायचे ते ठरवायला रात्रीही हाच पाईप चालेल, की बेडजवळ वेगळी कांडी लावू?